कट्टे किती पकडले ते कळतं, व्यसनमुक्तीसाठी किती दिवस थांबावं लागतं ते का कळत नाही?

जळगाव : गुप्त बातमीदारामार्फत खबर मिळाली, पथकाने सापळा रचला, अंगझडतीत एक गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे मिळून आली, आरोपीस अटक. चोपडा, यावल, रावेर, भुसावळ या भागात राहणाऱ्यांना अशी बातमी नवीन नाही. मोबाईलवर महिन्यातून दोन-तीनदा तरी ती येतेच. गांजा पकडल्याची बातमीही तशीच असते. किती किलो, किंमत किती, गाडी कुठली, सगळं त्यात असतं. वर्षाच्या शेवटी याच बातम्यांची बेरीज होते आणि मग "गुन्हेगारी वाढली" किंवा "पोलिसांची धडाकेबाज कामगिरी" असा मथळा येतो. आकडा तोच असतो, फक्त कोण सांगतंय त्यावर मथळा बदलतो.

त्याच गावात एखाद्या घरात वेगळंच चाललेलं असतं. मुलगा किंवा नवरा दारूच्या, गांजाच्या, नाहीतर गोळ्यांच्या नादी लागलेला. एक दिवस तो स्वतःच म्हणतो, "चला, दाखवून येऊ दवाखान्यात." मग तालुक्याला जायचं, तिथून जिल्ह्याला, तिथे सांगतात अमुक वारी या, खाट रिकामी झाली की कळवू. या थांबण्याचे किती दिवस झाले, हे मात्र कुठल्याच बातमीत येत नाही. सरकारी तक्त्यातही सापडत नाही.

हे दोन्ही आकडे एकमेकांना जोडलेले आहेत. ते कसे तयार होतात हे कळलं, तर पुढच्या वेळी आकडेवारीची बातमी वाचताना फसगत होणार नाही.

गुन्हा कधी 'आकडा' होतो?

देशभरातल्या गुन्ह्यांची मोजणी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग म्हणजे एनसीआरबी करतो. त्यांचा 'क्राइम इन इंडिया' हा अहवाल दरवर्षीचा असतो, पण हातात यायला वेळ लागतो. २०२२ चा अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये आला आणि २०२३ चा तर थेट सप्टेंबर २०२५ मध्ये. म्हणजे "ताजी सरकारी आकडेवारी" म्हणून टीव्हीवर जे चालतं, ते दीड-पावणेदोन वर्षांपूर्वीचंही असू शकतं.

या अहवालात पोलीस ठाण्यात नोंदवलेले गुन्हे मोजतात. घडलेले सगळे गुन्हे त्यात नसतात. चोरी झाली तर माणूस आपणहून तक्रार द्यायला जातो. पण कमरेला कट्टा लावून फिरणाऱ्याची तक्रार कोण देणार? त्यात कुणाचं काही चोरीला गेलेलं नसतं. तो गुन्हा पोलिसांनी झडती घेतली तरच उघड होतो. गांजाचंही तसंच. म्हणून शस्त्र आणि अंमली पदार्थ या दोन्ही बाबतींत आकडा वाढला, तर सगळ्यात आधी एवढंच कळतं की झडत्या वाढल्या. माल वाढला का, वापर वाढला का, हे त्या आकड्यावरून ठरवता येत नाही. निवडणूक आली, नाकाबंदी लागली, नवीन साहेब आले, की आकडा वर जातो. साहेब बदलले आणि मोहीम थंडावली, की खाली येतो. गावात कट्टे तेवढेच असतात.

सातपुड्याच्या पलीकडचं उमर्टी हे नाव या जिल्ह्याला माहीत आहे. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं हे गाव चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून आहे आणि गावठी शस्त्रं बनवण्याच्या संदर्भात त्याचं नाव वर्षानुवर्षं येतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तिथे जाऊन मोठी कारवाई केली आणि शस्त्रं बनवण्याच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. पुण्यात सापडलेल्या कट्ट्याचा गुन्हा पुण्याच्या ठाण्यात मोजला जातो. तो बनला कुठे आणि कुठल्या रस्त्याने गेला, हे त्या आकड्यात दिसत नाही. सीमेवरच्या तालुक्यात आकडा कमी आला म्हणून तिथे शांतता आहे, असं म्हणता येत नाही ते यामुळेच.

कोयताही त्याच रकान्यात

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. "आर्म्स अॅक्टचे एवढे गुन्हे" असं वाचलं की डोळ्यांसमोर पिस्तूल येतं. प्रत्यक्षात शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये तलवार, गुप्ती, मोठा सुरा हेही येतात. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये "३/२५" लिहिलेलं असेल तर ते बंदुकीच्या जातीचं हत्यार, आणि "४/२५" असेल तर तलवार-कोयत्यासारखं धारदार. महाराष्ट्रात वाढदिवसाचा केक तलवारीने कापला म्हणून दाखल झालेला गुन्हाही याच कायद्याखाली जातो. दोन्ही कलमं एकाच बेरजेत टाकली की बंदुकीचा खरा आकडा त्यात हरवतो. (शेतीच्या आणि घरकामाच्या अवजारांना कायद्यात वगळलं आहे. ऊसतोडीला निघालेल्याने कोयत्यासाठी घाबरायचं कारण नाही. तोच कोयता रात्री चौकात नाचवला तर मात्र गोष्ट वेगळी.)

उलट, काही बंदुकीचे गुन्हे या रकान्यात दिसतच नाहीत. एनसीआरबीचा नियम असा आहे, की एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तर त्यातला सगळ्यात गंभीर गुन्हा तेवढा मोजायचा. कट्ट्यातून गोळी झाडून खून झाला, तर तो खून म्हणून मोजला जातो. त्याच एफआयआरमधलं शस्त्र अधिनियमाचं कलम बेरजेत येत नाही. म्हणजे नुसता खिशात सापडलेला कट्टा मोजला जातो आणि ज्याने जीव घेतला तो या रकान्यातून गायब होतो. नियम करणाऱ्यांची अडचण समजण्यासारखी आहे, नाहीतर एकच घटना चार ठिकाणी मोजली गेली असती. पण वाचणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

परवान्याच्या बंदुकांचा हिशोब तर तिसरीकडेच असतो, जिल्हाधिकारी कार्यालयात. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाल्यावर बीड जिल्ह्यात हजाराहून जास्त शस्त्रपरवाने असल्याची चर्चा राज्यभर झाली आणि नंतर त्यातले बरेच रद्दही झाले. हे सगळे परवाने त्याआधीही कागदावर होतेच. फक्त कुणी विचारलं नव्हतं.

महाराष्ट्र पंजाबच्या पुढे?

आता अंमली पदार्थांकडे येऊ. एनडीपीएस कायद्याखाली २०२२ मध्ये देशात १,१५,२३६ गुन्हे नोंदवले गेले. सगळ्यात जास्त केरळात, २६,६१९. दुसरा नंबर महाराष्ट्राचा, १३,८३०. पंजाब तिसरा, १२,४४२.

हे वाचून कुणी म्हणेल, महाराष्ट्र पंजाबपेक्षा जास्त नशेत बुडालाय. पण महाराष्ट्राची लोकसंख्या साडेबारा कोटींच्या आसपास आहे, पंजाबची तीन कोटींच्या थोडी वर. दर एक लाख माणसांमागे हिशोब केला तर महाराष्ट्रात साधारण ११ गुन्हे पडतात, पंजाबात ४० आणि केरळात ७५ च्या आसपास. नंबर लगेच बदलला.

मग केरळ सगळ्यात वाईट का? तेही नाही. केरळात लहानसहान सेवनाचेही गुन्हे मोठ्या प्रमाणावर नोंदवले जातात. महाराष्ट्रातल्या आकड्यातही मोठा हिस्सा विक्रीचा नाही, स्वतः ओढण्यासाठी जवळ बाळगल्याचा आहे. चिलीम ओढताना सापडलेलं पोरगं आणि दोन क्विंटल गांजाचा ट्रक, दोन्ही "एक गुन्हा" म्हणूनच मोजले जातात.

कायदा बदलला तरी आकडा बदलतो. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती आणि मे २०२१ मध्ये राज्य सरकारने ती उठवली. बंदीच्या काळात नुसती बाटली नेणं हाही गुन्हा होता. बंदी उठल्यावर तीच बाटली दुकानात कायदेशीर मिळायला लागली. पिणारा तोच, बाटली तीच. गुन्ह्यांच्या तक्त्यात मात्र एकदा चढ दिसतो आणि एकदा उतार.

दवाखान्याच्या बाजूचा आकडा

पोलिसांचा आकडा असा वाकडातिकडा का होईना, पण दरवर्षी येतो. उपचाराचा आकडा शोधायला गेलं तर हाताला फार थोडं लागतं.

सगळ्यात मोठी मोजणी झाली ती केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली. तिचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. देशभरातल्या दोन लाख घरांत जाऊन माहिती घेतली होती. त्यानुसार देशात १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यातल्या ५ कोटी ७० लाखांहून जास्त लोकांचं पिणं त्यांना अपाय करण्याइतकं वाढलेलं आहे किंवा ते पूर्ण व्यसनी आहेत. म्हणजे त्यांना मदतीची गरज आहे.

आणि मदत किती जणांना मिळाली? दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाने सांगितलं, की त्याला काहीतरी उपचार मिळाला. दवाखान्यात दाखल होऊन उपचार मिळालेला १८० जणांमागे एक. एसटीची गाडी जवळपास भरेल एवढी माणसं धरली, तर त्यातला एक जण कशीबशी कुणाकडे तरी पोहोचला. बाकीची गाडी तशीच पुढे गेली. त्याआधी २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही हेच दिसलं होतं. दारूच्या आजारात उपचाराविना राहणाऱ्यांचं प्रमाण ८६ टक्के होतं.

हे लोक का पोहोचले नाहीत? काहींना आजार आहे हेच मान्य नसतं, हे खरं. लाजही असते. "लोक काय म्हणतील" म्हणून घरचे तीन तालुके सोडून लांबचा डॉक्टर शोधतात. पण जे यायला तयार झाले होते आणि वाट बघून परत गेले, ते किती? या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच अहवालात नाही. केंद्रात नाव किती जणांनी नोंदवलं आणि किती जण दाखल झाले, हे सापडू शकतं. पहिल्यांदा दाराशी आल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत किती दिवस गेले, याचा दरवर्षी छापला जाणारा तक्ता आपल्याकडे नाही.

असं मोजता येतच नाही, असं मात्र नाही. इंग्लंडमध्ये नशेच्या उपचारासाठी किती आठवडे थांबावं लागलं, हे सरकार वीस वर्षांहून जास्त काळ मोजतंय आणि जाहीर करतंय. २००१ च्या शेवटी तिथे ही सरासरी नऊ आठवड्यांच्या आसपास होती. तीन आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत असं उद्दिष्ट ठरलं, दर तिमाहीला आकडे बाहेर यायला लागले, विरोधी पक्ष आणि वर्तमानपत्रं त्यावरून सरकारला धारेवर धरायला लागली, आणि काही वर्षांत सरासरी तीन आठवड्यांच्या खाली आली. त्याही आकड्यात एक गोम आहे. घड्याळ सुरू होतं ते उपचारासाठी नाव पाठवल्यावर. त्याआधी जो दोन महिने घरातच घुटमळला, त्याचे दिवस कुठेच धरले जात नाहीत. तरी निदान भांडायला एक आकडा तरी असतो.

चार दिवस आणि चार आठवडे यात फरक काय?

ताप चार दिवस थांबू शकतो, असं कुणी म्हणेल. पण व्यसनात मन तयार होणं हे फार थोड्या वेळाचं असतं. रात्री बायकोवर हात उगारला, सकाळी पश्चात्ताप झाला, पोराने पाय धरले, आणि माणूस म्हणाला, "चला." त्या दिवशी दार उघडं मिळालं तर ठीक. पुढच्या महिन्याची तारीख मिळाली, तर त्या तारखेला तोच माणूस तयार असेल याची खात्री त्याची आईसुद्धा देणार नाही.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. वाट बघायला लागली की घरचे म्हणतात, "तोवर घरातच कोंडून ठेवू, दारू बंद करू." रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू अचानक तोडणं धोकादायक असतं. आधी हातपाय थरथरतात, घाम येतो, झोप उडते. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत माणूस भ्रमात जातो, नसलेली माणसं-किडे दिसतात, ताप चढतो. यात जीव जाऊ शकतो. अशी लक्षणं दिसली की ती बाधा समजून अंगारा लावत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि सरळ दवाखाना गाठावा. पहिले सात-दहा दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली औषधांवर काढायचे असतात, ते यासाठीच.

याच वाट बघण्याच्या काळात "पेशंटला न कळत दारू सोडवा" वाली पुडी घरात येते. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात त्यातलं डायसल्फिराम हे एक औषध आहे. ते पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर ताण येऊ शकतो. म्हणून ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. भाजीत कालवून नाही. ज्या पुडीवर आत काय आहे हेच लिहिलेलं नाही, ती तर घरात आणूच नये.

गांजा किंवा गोळ्यांच्या बाबतीत आणखी एक भीती असते, दवाखान्यात गेलो तर पोलिसांना कळेल. एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ यासाठीच आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडला तर ही सूट काढून घेता येते. विकणाऱ्याला हे संरक्षण नाही. हे कलम कायद्यात असूनही गावात ते कुणाला माहीत नसतं, आणि सांगायची जबाबदारी नेमकी कुणाची हेही स्पष्ट नाही.

दार कुठे आहे?

केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ ही मोफत आहे. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. फोनवर खाट मिळत नाही, पण जवळ काय आहे आणि तोवर घरी काय करायचं नाही, एवढं तरी कळतं.

खासगी व्यसनमुक्ती केंद्रात नेताना नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये दारू आणि नशेच्या आजाराचाही समावेश आहे. त्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. "आमच्याकडे मारून सुधारतात" असं कौतुकाने सांगणारं केंद्र असेल, तर पेशंटला घेऊन तिथून परत फिरायचं.

महाराष्ट्रात या कामाचा अनुभव मोठा आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं. गडचिरोलीत 'मुक्तिपथ'ने उपचार तालुक्याच्या ठिकाणी नेले, कारण शंभर किलोमीटरवरच्या दवाखान्यात दारूचा रुग्ण जात नाही हे तिथे आधीच कळलं होतं. लांब अंतर हेही एक प्रकारचं थांबणंच आहे.

तालुक्याचा आकडा तालुक्यानेच मागायचा

जिल्ह्याचा आकडा मिळवण्यासाठी आमदार-खासदारांची वाट बघायची गरज नाही. माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून कुणीही अर्ज करू शकतं. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही माफ आहे. उत्तर ३० दिवसांत द्यायचं असतं.

अर्ज करताना "उपचार का मिळत नाहीत" असं विचारू नये. माहिती अधिकारी मत देत नाहीत, नोंद देतात. नोंदच मागायची. पोलीस अधीक्षक कार्यालयाला विचारता येईल, की गेल्या तीन वर्षांत ठाणेनिहाय शस्त्र अधिनियमाखाली ३/२५ चे किती आणि ४/२५ चे किती गुन्हे नोंदले, एनडीपीएसचे सेवनाचे किती आणि विक्रीचे किती. जिल्हा शल्यचिकित्सकांना विचारता येईल, की व्यसनमुक्तीसाठी किती खाटा आहेत, मानसोपचारतज्ज्ञाची किती पदं मंजूर आणि किती भरलेली, तालुक्याला तपासणी कुठल्या वारी होते, गेल्या वर्षी व्यसनाचे नवीन रुग्ण किती आले आणि किती दाखल झाले. शेवटी एक ओळ जोडायची : पहिल्या तपासणीची तारीख आणि दाखल केल्याची तारीख, रुग्णाचं नाव झाकून, नोंदवहीतून द्यावी.

या शेवटच्या ओळीला "अशी नोंद ठेवली जात नाही" असं लेखी उत्तर आलं, तरी तो कागद जपून ठेवावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा. पुढचा अर्ज जिल्हा नियोजन समितीकडे करताना तो सोबत जोडता येतो.